महागड्या जाळ्याला हाव म्हणण्यापूर्वी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या याच सदरात गेल्या पंधरवड्यात एका वाचकांचे पत्र प्रसिद्ध झाले. आमच्या भागातील मासेमार आता फायबरच्या नावा, तंगुसाची किमती जाळी आणि बर्फाच्या पेट्या यांवर लाखभर रुपये उधळू लागले आहेत आणि तलावांतील मासोळी संपण्याचे कारण ही वाढलेली हावच आहे, असे त्यांचे म्हणणे होते. तलावांविषयीची त्यांची कळकळ मला मान्य आहे. परंतु साधनाच्या किमतीवरून त्यांनी हाव मोजली, ते माप मला मुळीच मान्य नाही. मी ढिवराच्या, म्हणजे पिढीजात मासेमाराच्या घरी जन्मलो, बत्तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवले आणि निवृत्तीनंतर गावच्या मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेचे हिशेब लिहितो. हा पैसा कोठून येतो आणि कशासाठी जातो, हे मी रोज पाहतो.

माझ्या आजोबांच्या वेळी जाळे घरीच तयार होत असे. उन्हाळाभर म्हातारी माणसे सूत कातत आणि पावसाळ्यापूर्वी जाळे विणून पूर्ण होई. ओले जाळे वाळवले नाही तर ते कुजायचे, म्हणून मासोळी विकून आल्यावरही उरलेला दिवस जाळे वाळवण्यात आणि फाटलेले सांधण्यात जात असे. पुढे नायलॉन आले आणि जाळे कुजणे थांबले. मात्र सूत आता विकत घ्यावे लागू लागले आणि ढिवराच्या घरी रोख पैसा नव्हता. तो व्यापाऱ्याने दिला. त्याला उचल म्हणत. जाळे वडिलांच्या हातात असे, पण त्यात सापडणारी मासोळी पाण्यातून निघण्यापूर्वीच व्यापाऱ्याची झालेली असे. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, वजन झाल्यानंतर तो दर सांगायचा आणि तो नाकारण्याची कोणाचीही ताकद नव्हती, कारण एक तर उचल फिटलेली नसे आणि दुसरे असे की उन्हाळ्यात दुपार होईपर्यंत मासोळी नासून जाते. शाळेत जाण्यापूर्वी टोपली डोक्यावर घेऊन मी त्या पाळीवर उभा राहत असे. वडील दर ऐकून काहीच बोलत नसत, हे मला आजही आठवते.

तीन वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याने आणि सूनबाईने फायबरची नाव, वेगवेगळ्या आसांची (म्हणजे छिद्रांच्या मापांची) चार जाळी, दोन लाइफ जॅकेट आणि बर्फाची मोठी पेटी घेतली. सर्व मिळून एक लाख साठ हजार रुपयांच्या आसपास खर्च आला. नाव आणि जाळी यांसाठी प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतून अनुदान मिळाले. २०२० मध्ये सुरू झालेल्या या योजनेत महिला लाभार्थींना ६० टक्के अनुदान असल्यामुळे अर्ज सूनबाईच्या नावाने केला होता. परंतु अनुदान खरेदीनंतर खात्यात जमा झाले. तोपर्यंतची सगळी रक्कम बचत गटाचे कर्ज काढून आणि तिच्या कानातले गहाण ठेवून उभी करावी लागली. ज्या दिवशी नाव गावात आली त्या दिवशी पानठेल्यावर एक वाक्य बोलले गेले, ते माझ्या कानावर आले: ‘ढिवराच्या घरी पैसा आला, आता माज करते.’ त्याच महिन्यात आमच्या गावात नवा ट्रॅक्टर आला होता. त्याची पूजा झाली, पेढे वाटले गेले, आणि ते योग्यच झाले. धान करणाऱ्याचा ट्रॅक्टर प्रगती ठरतो आणि ढिवराची नाव माज ठरते, हा फरक कोठून येतो, याचा विचार पत्रलेखकांनी करावा अशी माझी विनंती आहे.

नाव कशाला हवी, असेही त्या पत्रात विचारले आहे. गावच्या बोडीत (लहान तळ्यात) आणि मालगुजारी, म्हणजे पूर्वी गावच्या जमीनदारांच्या ताब्यात असलेल्या, तलावात लाकडी डोंगा पुरत असे, किंबहुना छातीभर पाण्यात उतरूनही जाळे टाकता येत असे. इटियाडोह किंवा गोसीखुर्दसारख्या धरणांचे पाणी तसे नाही. ते खोल आहे, वारा सुटला की त्यावर लाटा उठतात आणि तळाशी बुडालेल्या झाडांचे खुंट जाळ्याला अडकतात. माझे धाकटे काका अशाच एका जलाशयात डोंगा उलटून गेले. अडकलेले जाळे सोडवताना तोल गेला, असे सोबतच्यांनी सांगितले. जाळे उचलीचे होते, ते तोडून परत येणे त्यांना परवडणारे नव्हते. तिसऱ्या दिवशी त्यांचा देह सापडला. आज पुतण्या लाइफ जॅकेट घालून पाण्यात जातो तेव्हा माझ्या वहिनी, म्हणजे त्याची आई, घाटावर न थांबता घरी परत येतात. या खर्चाला चैन म्हणताना निदान एवढे लक्षात घेतले जावे.

बर्फाच्या पेटीचा परिणाम तर हिशेबाच्या वहीत स्पष्ट दिसतो. मासोळी दुसऱ्या दिवसापर्यंत टिकू लागल्यापासून सूनबाई ती वडसा किंवा गोंदियाच्या बाजारात नेते आणि दर पटला नाही तर पेटीचे झाकण बंद करते. कानातले दुसऱ्याच वर्षी सुटले.

हाव नाही असे मी म्हणत नाही. हाव आहे, आमच्या समाजातही आहे, आणि तिच्याविषयी बोलायलाच हवे. परंतु तिची साधने स्वस्त असतात. मच्छरदाणीच्या कापडाचे जाळे काही शे रुपयांत होते आणि त्यातून बोटभर पिल्लूही सुटत नाही. विजेच्या तारेवर आकडा टाकून पाण्यात करंट सोडायला फक्त वायर लागते. फवारणीचे औषध डोहात ओतले की लहानमोठे सगळेच पोट वर करून तरंगू लागते. मृगाच्या पावसानंतर सलंगावरून (तलावाच्या सांडव्यावरून) पाणी वाहू लागले की अंड्यांनी भरलेली मासोळी प्रवाहाच्या उलट चढून बांध्यांकडे, म्हणजे धानाच्या शेतांकडे निघते. त्या अरुंद वाटेवर आडवे बसून ती पोत्यांनी भरणाऱ्याला तर फक्त बांबूचा अडसर पुरतो. मरळ, शिंगाडा, दाडक यांसारखी आमच्या तलावांतील मूळची मासोळी यामुळे उणी झाली. रोहू आणि कटला तलावाच्या साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांची बोटुकली (बोटभर पिल्ले) संस्थेला दरवर्षी विकत आणून सोडावी लागते; त्यामुळे ती दिसत राहतात आणि लोकांना तलाव भरलेला वाटतो.

याउलट ज्या किमती जाळ्यावर टीका झाली, ते पाण्यात उभे राहणारे जाळे आहे. त्याचा आस मोठा असेल तर लहान मासोळी त्यातून आरपार निघून जाते आणि वाढलेलीच अडकते. चार जाळी घ्यावी लागतात ती प्रत्येक जातीला आणि आकाराला वेगळा आस लागतो म्हणून. बारीक आसाचे एकच जाळे घेऊन सगळे खरडून काढले असते, तर पुतण्याचा खर्च खूप कमी झाला असता.

तलावांच्या ऱ्हासाची इतर कारणेही पत्रलेखकांना ठाऊक असतील. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि पूर्व विदर्भातील सहा हजारांहून अधिक तलाव शासनाकडे गेले, पण गाळ काढणारे गावाचे हात मात्र त्यांच्यापासून दूर झाले. पात्रात बेशरम ही रानटी वनस्पती माजली, काठावर अतिक्रमणे झाली. आज भंडारा-गोंदिया जिल्ह्यांत काही गावांतील ढिवर बायाच गुडघाभर चिखलात उतरून बेशरम उपटतात आणि देवधानासारख्या जुन्या पाणवनस्पती पुन्हा लावतात, जेणेकरून मूळच्या मासोळीला अंडी घालायला जागा मिळावी. हे काम करणाऱ्यांनी स्वतःच्या कमाईतून चांगले जाळे घेतले, तर त्यात कोणाचे काय बिघडते?

एक गोष्ट मात्र मी मान्य करतो. काही ठिकाणी तलाव संस्थेच्या नावावर असतो आणि पैसा बाहेरच्या धनिकाचा. तो मोठे ओढजाळे आणि मजूर आणून दोन दिवसांत तलाव रिकामा करतो आणि सभासदांना केवळ मजुरी मिळते. तेथेही साधन महाग असते, परंतु ते ढिवराचे नसते. ही व्यापाऱ्याची जुनी उचलच आहे. आपल्या दैनिकाने शोध घ्यावा तर तो याचा घ्यावा, आणि मत्स्यव्यवसाय विभागाने दरवर्षी पावसाळ्यापूर्वी प्रत्येक तलावावर जाळ्यांचे आस तपासावेत, अशी माझी मागणी आहे.

पत्रलेखकांना माझ्या म्हणण्याविषयी शंका असेल, तर त्यांनी कोणत्याही दिवशी सकाळी सहाच्या सुमारास आमच्या घाटावर यावे. त्या वेळी जाळी काठावर पसरलेली असतात. त्यांनी स्वतःच्या हाताने आस मोजावा, नंतर संस्थेच्या कार्यालयात येऊन वहीही पाहावी.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक
तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया