मृदा आरोग्य पत्रिकेत मॅग्नेशियम का नाही?

महोदय,

पावसाळा सरला की गोव्यातल्या कुळागरांत, म्हणजे माड-पोफळींच्या बागांत, माडांची खालची चुडते (झावळ्या) पिवळी दिसू लागतात. शेजारी असो, नारळ उतरवणारा पाडेली असो की खताचा दुकानदार, सगळ्यांचे औषध ठरलेले: यूरिया घाला! पण पिवळेपणा सगळा सारखा नसतो. नत्र कमी पडले तर जुने चुडत सरसकट फिकटते. पालाश (पोटॅश) कमी असेल तर पाती टोकाकडून आणि कडेने पिवळी होऊन करपते. आमच्या बागेत पाडेल्याने उतरवलेले चुडत मी निरखून पाहिले, तर प्रकार तिसराच. उन्हाकडचा भाग हळदीसारखा पिवळा. वरच्या चुडताची सावली जिथे पडत होती तिथे मात्र हिरवा पट्टा शाबूत, हिराजवळही (पातीच्या मधल्या शिरेजवळ) हिरवेपणा टिकून. ही मॅग्नेशियमच्या कमतरतेची खूण. हरितद्रव्याच्या रेणूत मधोमध मॅग्नेशियमच असते. ते पुरेना झाले की माड जुन्या पानांतले काढून नव्या कोंबाला देतो, म्हणून शेंडा हिरवागार आणि खाली पिवळे.

आपली जांभ्याची माती आम्ल, वर वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. मॅग्नेशियम वाहून जाते, आणि पोटॅश भरमसाट घातले तर उरलेलेही मुळांना नीट मिळत नाही.

केंद्र सरकारने 2015 साली सुरू केलेल्या मृदा आरोग्य पत्रिकेसाठी शेतकऱ्याच्या मातीतल्या 12 गोष्टी तपासतात. सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, तांबे, मँगनीज, बोरॉन, एवढेच काय, लोहसुद्धा. आमच्या तांबड्या मातीत लोहाला काय तोटा! (अंगणातली अबोली शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडते ती लोहाअभावीच, पण तिथे बहुधा बांधकामाचा चुना-सिमेंट मातीत मिसळलेला असतो. सामू वाढला की मातीतले लोह मुळांना उचलता येत नाही.) मॅग्नेशियमला मात्र या पत्रिकेत जागा नाही.

केंद्राची यादी बदलेल तेव्हा बदलेल. आपल्या कृषी खात्याने निदान माड-पोफळींच्या बागांतील नमुन्यांसाठी ही तपासणी जोडावी. माडाला वर्षाकाठी अर्धा किलो मॅग्नेशियम सल्फेट ही शिफारस जुनीच आहे. ते कोणत्या बागेला हवे आणि कोणत्या बागेला नको, एवढे कळले तरी पुरे. पिवळे झालेले चुडत पुन्हा हिरवे होत नाही, आणि माडाला महिन्याला जेमतेम एक नवे चुडत फुटते. चुकीचे खत घालून वर्ष गेल्यावर ते उमगण्यात काय अर्थ? यंदाचे नमुने गोळा होण्याआधी खात्याने निर्णय घ्यावा.

– एक बागायतदार, सावईवेरे, फोंडा