‘काही नाही सर’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पीयूसीचा, म्हणजे आपल्या कर्नाटकातल्या बारावीचा, निकाल लागला की आपल्या दैनिकात गुणवंतांच्या फोटोंचे पान येते. मी निवृत्त शिक्षक, त्यामुळे ते आवडीने पाहतो. तक्रार त्या पानाबद्दल नाही, आम्हा शिक्षकांबद्दलच आहे.

आमच्या गल्लीतल्या एका मुलीला बेंगळूरच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात जायचे आहे. तिथे नुसत्या टक्क्यांवर भागत नाही. प्रवेश परीक्षा, मग मुलाखत. तयारीसाठी ती माझ्याकडे आली. विचारले, “अभ्यासाशिवाय काय करतेस?” म्हणाली, “काही नाही सर.”

ही मुलगी वडिलांबरोबर रताळी काढते, टेम्पोतून एपीएमसीच्या बाजारात जाते, दलालाशी कानडीत भाव ठरवते. कचेरीतून कानडी नोटीस आली की अर्धी गल्ली तिच्याकडे धावते. ती वाचून मराठीत समजावते, उत्तरही लिहून देते. तहसीलदाराला मराठीत कागद द्यायला आम्ही इतकी वर्षे सांगतोय, तोवर हे काम अशा पोरींवरच. आणि हे सगळे म्हणजे ‘काही नाही’!

अमेरिकेतल्या शेकडो कॉलेजांना चालणारा ‘कॉमन ॲप’ नावाचा एकच अर्ज असतो. त्यात शाळेबाहेरच्या दहा गोष्टी लिहिता येतात, प्रत्येकीला जेमतेम 150 अक्षरे. त्यातल्या प्रकारांत पगारी नोकरी आहे, चक्क घरची जबाबदारीही आहे. आपला समज मात्र असा, की तिथे पदके आणि नाट्यछटाच लागतात. मग दोन शनिवार रोपे लावायची, फोटो काढायचा, प्रमाणपत्र घ्यायचे.

आपल्याकडच्या सीईटी प्रवेश परीक्षेचे तसे सोपे आहे. इंजिनिअरिंगला निम्मे गुण पीयूसीचे, निम्मे सीईटीचे, विषय संपला. वशिल्याला जागा नाही, हे मला आजही पटते. पण जिथे शिक्षकाचे शिफारसपत्र मागतात तिथे आम्ही काय लिहितो? ‘सदर विद्यार्थिनी नियमित, आज्ञाधारक व होतकरू असून...’ मी स्वतः वर्षानुवर्षे हेच लिहिले, फक्त नाव बदलून. कोण पहाटे धारा काढून वर्गात पेंगते, कोण वडगावात मागावर कांड्या भरून येते, सगळे ठाऊक होते. कागदावर एकदाही उतरले नाही.

आपल्या पानावर टक्क्यांखाली एखादी ओळ याचीही छापता येईल का?

त्या मुलीची मुलाखत पुढच्या महिन्यात आहे. रताळ्यांचे सांग म्हटले, तर म्हणते, “हसतील की ओ सर!”

आपला,
एक निवृत्त शिक्षक, बेळगाव तालुका