सिगारेट सोडणाऱ्या बाईला पाळीबद्दल कुणी विचारतं का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतला धूम्रपान सोडण्यावरचा लेख वाचला. माहिती चांगली आहे, पण पाळी, गरोदरपण, बाळंतपण यांचा त्यात साधा उल्लेखही नाही. व्यसनमुक्तीचं समुपदेशन करते, म्हणून ही उणीव मला फार खटकली.

रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. यकृतातलं जे एन्झाइम हे काम करतं, त्याचा वेग इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकामुळे (हार्मोनमुळे) वाढतो. त्यामुळे बायकांच्या शरीरातून निकोटिन सरासरीने पुरुषांपेक्षा लवकर उतरतं, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आणखी लवकर. गरोदरपणात तर हा निचरा सुमारे ६० टक्क्यांनी वाढतो. म्हणजे बाळासाठी जिवापाड प्रयत्न करणाऱ्या बाईलाच तलफ लवकर गाठते, आणि वर 'पोटातल्या जिवाची तरी दया कर' हेही तिनेच ऐकायचं!

सोडल्यानंतरची चिडचिड, उदासी, अस्वस्थता, झोप उडणं, सारखं खावंसं वाटणं हा त्रास पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असतो. पाळीच्या आधीच्या दिवसांतही अनेकींना नेमकं हेच होतं. माझ्याकडे आलेल्या एका शिक्षिकेने महिन्याची एक तारीख ठरवून सिगारेट बंद केली. तिसऱ्या रात्री क्षुल्लक कारणावरून मुलीवर ओरडली, मग रडली आणि गच्चीवर जाऊन सिगारेट पेटवली. 'माझ्यात निग्रहच नाही,' असं ती सांगत होती. पाळी कधी आली, असं मी विचारलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी आली होती. दोन्ही त्रास एकाच वेळी अंगावर आले होते आणि तिने सगळा दोष स्वतःच्या माथी मारला होता.

मग पाळीचा हिशेब करूनच सोडावी का? इथे अभ्यासांचे निष्कर्ष जुळत नाहीत. काहींत पाळीनंतरच्या पंधरवड्यात सोडणं जड गेलं, तर पॅच (तलफ कमी व्हावी म्हणून त्वचेवर लावायची निकोटिनची पट्टी) वापरलेल्या काही अभ्यासांत उलट दिसलं. त्यामुळे अमुक दिवशीच सोडा, असं मी कुणाला सांगत नाही. तलफेची नोंद पाळीच्या तारखांशेजारी ठेवा, एवढं मात्र आवर्जून सांगते. अवघड दिवस आधी कळले तर तयारी करता येते.

बाळंतपणानंतरचा काळ मला सर्वांत काळजीचा वाटतो. प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या स्त्री-संप्रेरकामुळे तलफ काहीशी सौम्य होत असावी, असे संकेत संशोधनातून मिळाले आहेत. प्रसूतीनंतर त्याची पातळी एकदम कोसळते. त्यात रात्रीची जागरणं. गरोदरपणात सोडलेल्या बऱ्याच जणी वर्षभरात पुन्हा ओढू लागतात, आणि नेमकी तेव्हाच सगळ्यांची चौकशी बाळापुरती उरलेली असते.

औषधांचंही तसंच. निकोटिनच्या पॅचचा गुण बायकांना सरासरीने थोडा कमी येतो. धूम्रपान सोडण्यासाठीच्या व्हॅरेनिक्लिन या गोळीच्या बाबतीत तसं आढळत नाही. पस्तिशीनंतर धूम्रपान आणि इस्ट्रोजेनच्या गोळ्या एकत्र चालू असतील तर हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका बराच वाढतो, हे तर प्रत्येकीला स्पष्ट सांगायलाच हवं.

पुढच्या पुरवणीत या विषयावर एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडून जरूर लिहून घ्या. आणि व्यसनमुक्ती केंद्रांना विनंती, नोंदणीच्या अर्जात पाळीची तारीख, चालू असलेल्या गोळ्या आणि अलीकडचं बाळंतपण असे तीन रकाने वाढवा.

आपली,
एक समुपदेशक