मेडिकलवाल्या काकांना

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

दुकानात आभार मानायला कधी मोकळीक मिळतच नाही. मागे कोणीतरी क्रोसिनसाठी ताटकळत असतं. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड, कारण माझ्यासारख्या इतर ट्रान्स मुलींनीही ते वाचावं असं मनापासून वाटतं.

तुमच्याकडे पहिल्यांदा आले ते छाती वाढवणारं 'शंभर टक्के नैसर्गिक' क्रीम मागायला. ते तुमच्या मागच्या फळीवरच होतं. तुम्ही ते काढलं नाहीत. आधीचं गिऱ्हाईक जाऊ दिलंत आणि हळूच विचारलंत, "कोणासाठी हवंय, बाळ?" मी "माझ्यासाठी" म्हटलं, तरी तुमच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

मग तुम्ही मला स्टुलावर बसवून सगळं उलगडून सांगितलंत. मुलगा म्हणून जन्मलेल्याच्या छातीतही स्तनाची ग्रंथी असतेच, थोडीशी. तिला वाढायला लावतं ते इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांच्या शरीरातलं मुख्य हार्मोन. क्रीम चोळून, शतावरी किंवा मेथी खाऊन स्तन वाढतात याला भरवशाचा पुरावा नाही. आमच्यातल्या कितीतरी जणी डॉक्टरांना न विचारता कुटुंबनियोजनाच्या गोळ्या घेतात, त्याबद्दल तर तुम्ही अगदी कळकळीने बोललात. त्यातल्या बहुतेक गोळ्यांत इथिनिल इस्ट्रॅडिओल, म्हणजे कृत्रिम इस्ट्रोजेन, असतं. त्याने पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते, ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते, आणि सिगारेट ओढणारीला धोका आणखी जास्त. हे सगळं सांगून तुम्ही कागदावर 'एंडोक्रायनॉलॉजिस्ट', म्हणजे हार्मोन्सचे डॉक्टर, असं मराठीत लिहून दिलंत. "पुढे स्वतःचं मूल हवंसं वाटलं तर वीर्य साठवण्याबद्दल हार्मोनच्या गोळ्या सुरू व्हायच्या आधीच विचार," हेही सांगितलंत. हे मला तोवर कोणीच सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी क्रीम विकून तुम्ही मोकळे होऊ शकला असता.

पुढे डॉक्टरांनी बोलून, रक्त तपासून इस्ट्रॅडिओल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) आणि पुरुषी हार्मोनचा परिणाम रोखणारं स्पायरोनोलॅक्टोन सुरू केलं. ते प्रिस्क्रिप्शन पाहून तुम्ही पहिला प्रश्न केलात, "शहाळं रोज पितेस का?" कोकणात हा प्रश्न किती मोलाचा! स्पायरोनोलॅक्टोनने रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं आणि शहाळ्यात ते भरपूर. म्हणून शहाळं आवरतं घ्यायचं आणि पोटॅशियमची तपासणी चुकवायची नाही.

काही महिन्यांनी डाव्या स्तनाग्राखाली सुपारीएवढी गाठ लागली. एसटीच्या गर्दीत कोणाचं कोपर लागलं तरी कळ यायची. कॅन्सरच्या भीतीने मी तडक तुमच्याकडे आले. वयात येणाऱ्या मुलींनाही असंच होतं, कधी आधी एकाच बाजूला, असं सांगून तुम्ही मला शांत केलंत, पण "तरी डॉक्टरांना दाखवच" हेही बजावलंत. स्तनाची वाढ तिथूनच सुरू होते, हे डॉक्टरांनीही सांगितलं. वाढ पूर्ण व्हायला दोन-तीन वर्षं लागतात, बहुतेकींची ती बेताचीच होते, आणि डोस दुप्पट केला म्हणून जास्त होत नाही. एकदा तयार झालेली ग्रंथी गोळ्या थांबवल्यावर नाहीशीही होत नाही. तेव्हा घाई कशाला, हे तुमचं म्हणणं मला पटलं. आता आरशात जे दिसतं ते लहान आहे, पण माझं आहे, आणि मला ते फार आवडतं.

आणखी एक. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. कागदपत्रांवर नाव बदलून घेताना मात्र चपला झिजतात. तुम्ही कोणताही दाखला न मागता गोळ्यांच्या पाकिटावर माझं नवं नाव लिहिलंत, शेजारी 'रात्री जेवणानंतर 1'. ते पाकीट घरी आईने वाचलं आणि त्या रात्री तिने मला त्याच नावाने जेवायला हाक मारली. काका, याचे आभार कसे मानायचे ते मला खरंच कळत नाही.

पुढच्या आठवड्यात येते. डॉक्टरांनी इस्ट्रॅडिओलचा डोस बदललाय, तेवढं मागवून ठेवा. काकूंना नमस्कार.

तुमची,
बाळ