बूलांजेची ती रात्र

प्रिय सुधीर,

तुझं पत्र मिळालं. पॅरिसमध्ये निवडून आल्या रात्री सत्ता बळकावली नाही म्हणून फ्रान्सच्या जनरल बूलांजेला तू 'लोकशाहीचा मान राखणारा' म्हणालास आणि लिहायला माझे हात शिवशिवले.

माणूस भित्रा नव्हता, हे कबूल. १८३७ साली रेनमध्ये जन्म, सँ-सीरच्या सैनिकी शाळेत शिक्षण, मग अल्जीरिया, इटली, कोचीन चायना (आजचं दक्षिण व्हिएतनाम) इथल्या मोहिमा. १८५९ मध्ये इटलीत आणि १८७१ मध्ये पॅरिस कम्यूनविरुद्ध, म्हणजे पॅरिसमधल्या बंडखोर सरकारविरुद्ध, लढताना तो जखमीही झाला. पण हुकूम देणारा वर कोणीतरी असे, तोवरचं हे शौर्य. १८८० मध्ये जनरल झाल्यावर त्याने बढतीबद्दल ड्यूक दोमालला, म्हणजे जुन्या राजघराण्यातल्या सेनापतीला, कृतज्ञतेची पत्रं लिहिली. जानेवारी १८८६ मध्ये जहाल प्रजासत्ताकवादी नेता क्लेमांसोच्या पाठिंब्याने युद्धमंत्री झाला आणि त्याच ड्यूकला सैन्यातून काढलं. वर पत्रं लिहिलीच नाहीत म्हणाला. ती छापून आली तेव्हा तोंड लपवायची पाळी!

शिपायांना दाढी ठेवायची मुभा, पहारेकऱ्यांच्या चौक्यांना तिरंगी रंग, पॅरिसच्या लाँगशां मैदानावरच्या संचलनात काळा घोडा. लोक वेडे झाले. १८८७ मध्ये मंत्रिपद गेलं, पुढच्या वर्षी सैन्यातून सक्तीची निवृत्ती. मग राजकारण, त्यातही चोरून राजेशाहीवाल्यांचा पैसा. एकट्या डचेस द्युझेसने तीस लाख फ्रँक दिले. हा तुझा लोकशाहीवादी! १८८८ मध्ये पंतप्रधान फ्लोकेशी तलवारीचं द्वंद्वयुद्ध झालं. फ्लोके पेशाने वकील, साठीला टेकलेला. गळ्याला जखम कुणाला? जनरलला.

आणि २७ जानेवारी १८८९. पॅरिसच्या पोटनिवडणुकीत त्याला सुमारे २ लाख ४४ हजार मतं, प्रतिस्पर्ध्याला १ लाख ६२ हजार. मादलेन चौकातल्या द्युराँ कॅफेत तो बसलेला, बाहेर तुफान गर्दी, सोबती म्हणतायत, चला एलिझे महालावर, राष्ट्राध्यक्षाच्या निवासावर, सत्ता घ्यायला. तो गेला नाही. तू म्हणतोस, तत्त्वासाठी. मग दोनच महिन्यांनी, अटकेची नुसती कुणकुण लागताच १ एप्रिलला ब्रुसेल्सला का पळाला? तत्त्वाच्या माणसाने खटल्याला तोंड दिलं असतं. मला वाटतं, त्या रात्री त्याला हुकूम द्यायला कोणी नव्हतं, एवढंच.

मार्गरीत द बोनमँ ही त्याची प्रेयसी जुलै १८९१ मध्ये गेली. ३० सप्टेंबरला त्याने ब्रुसेल्सजवळच्या इक्सेलमध्ये तिच्या कबरीपाशी स्वतःवर गोळी झाडली. 'जगला तसाच मेला, सब-लेफ्टनंटसारखा,' म्हणजे सगळ्यात खालच्या अधिकाऱ्यासारखा, हे क्लेमांसोच्या नावावर सांगितलं जातं. क्रूर आहे, खोटं म्हणवत नाही.

आता तू भांडशीलच. भांड, पण ड्यूकच्या पत्रांचं उत्तर आधी दे. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश