पी लावलेली फाईल आणि बिल गेट्सचं पुस्तक

टिळकवाडी, बेळगाव
रविवार, दुपार

प्रिय बाळ्या,

उघडली रे. 'वखार' उघडली, आपल्या तंबाखूच्या हिशोबाच्या प्रोग्रामची फाईल. तू पी लावून (म्हणजे आतला कोड कुणाला दिसू नये असं कुलूप घालून) बंद केलेली, जिच्यावरून आपण बोलणं टाकलं होतं आणि मास्तरांनी दोघांना चहाला बोलावून समेट घडवला होता, तीच. घरात ही बातमी मोठ्यानं सांगितली तर ही म्हणाली, "बरं मग? त्यात पैसे निघाले काय?" म्हणून तुला लिहायला बसलो. फोनवर सांगणार होतो, पण फोनवर तू अर्धं ऐकतोस आणि उरलेलं स्वतःच बोलतोस.

तब्येत बरी आहे. शुगर आहे तिथंच, गुडघाही आहे तिथंच.

माळ्यावरच्या ट्रंकेत फ्लॉप्या सापडल्या. पाच पूर्णांक एक चतुर्थांश इंची, ३६० के वाल्या. एकीच्या खाचेवर तुझ्या ताईची मरून टिकली अजून चिकटलेली, कुणी चुकून वर लिहू नये म्हणून. आपल्या पावसानं तबकडीवर पांढरी बुरशी आणली होती. पाकीट एका बाजूनं कापलं, तबकडी बाहेर काढली, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसानं पुसली आणि दुसऱ्या एका मेलेल्या फ्लॉपीच्या पाकिटात घातली. ग्रीसविझल म्हणून सर्किटची एक छोटी पाटी मिळते. जुना ड्राइव्ह तिला जोडायचा आणि यूएसबीवरून सगळं कॉम्प्युटरवर उतरवायचं. दोन सेक्टर गेलेच, पण 'वखार' त्यांत नव्हती. पुढचं काम सोपं निघालं. पीसी-बेसिक नावाचा फुकटातला प्रोग्राम पी लावलेली फाईल सरळ लिस्ट करून दाखवतो. ज्या भाषेत तो लिहिला, ते जीडब्ल्यू-बेसिक मात्र 'इल्लीगल फंक्शन कॉल' एवढंच तोंडावर फेकायचं. त्या तीन शब्दांनी मला किती छळलंय हे तुला सांगायला नको, छळणारा तूच होतास.

ओळ २०, रेम, म्हणजे मशीन सोडून देतं ती टीप. मला वाटलं होतं, तिथं तुझं एकट्याचं नाव असणार. निघाली तीन. मुख्य प्रोग्राम तू, पट्टीची छपाई मी, आणि तिसरं काय तर 'ओलीचा हिशोब: दिवाणजी'. बाळ्या, दिवाणजींनी जन्मात कीबोर्डला बोट लावलं नव्हतं. पण तंबाखूचं पान चिमटीत धरून कानाशी चुरायचे आणि आवाजावरून बोदामागं, म्हणजे तंबाखूच्या गठ्ठ्यामागं, ओलाव्यापायी किती वजन कापायचं ते ठरवायचे. निपाणीतल्या त्या वखारीत आपण त्यांच्यासमोर वही घेऊन बसायचो. ते आपलं कानानं सांगायचे आणि तू त्याचे इफ-देन करायचास. त्यांचं नाव तू लिहिलंस हे तेव्हाच सांगितलं असतंस तर भांडण दोन दिवसांत मिटलं असतं. तरीही पी लावणं हा गुन्हाच. मास्तर असते तर आजही माझ्या बाजूनं निकाल दिला असता.

आता खरी भानगड. मास्तरांच्या गावचं साहित्य संमेलन जानेवारीत आहे. ग्रंथदिंडी, उद्घाटन, कथाकथन, जेवण, कवी. या वेळी त्यांना 'नवं काहीतरी' पाहिजे म्हणून दुपारच्या सत्रात मला पुस्तकावर बोलायला लावलंय. फोनवर म्हणाले, "तुम्ही कॉम्प्युटरातले नव्हे? बिल गेट्सचं पुस्तक वाचलायसा म्हणे. पोरांना जरा यशाचं काय ते सांगा की." मी हो म्हणालो. पुस्तक म्हणजे 'सोर्स कोड', २०२५ च्या फेब्रुवारीत आलेलं आत्मचरित्र. भाचीनं पुण्याहून पाठवलं होतं. तेव्हापासून मला झोप नाही. यशाचं मला काय ठाऊक? आणि जे ठाऊक आहे, ते जेवणानंतरच्या मांडवात कोण ऐकणार?

तू म्हणशील, संस्थापकाचं पुस्तक म्हणजे रंगरंगोटी, वाचूच नये. तू १९९१ पासून हेच म्हणतोयस आणि तेव्हापासून एकही वाचलेलं नाहीस. तुझा देव वेन रॅटलिफ. नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेत नोकरी करता करता फुटबॉलच्या पैजा जिंकायला त्यानं डेटाबेस लिहिला, त्याचा पुढं डीबेस झाला, आणि जिनं तो विकला त्या अ‍ॅश्टन-टेट कंपनीत टेट होता पण अ‍ॅश्टन कुणी नव्हता. हे तू मला इतक्यांदा सांगितलंयस की झोपेत म्हणून दाखवीन. वखारीचं काम डीबेसमध्येच व्हायला हवं होतं हेही सांगून टाक एकदाचं. (हवं होतं. पण वखारवाल्या सावकारांच्या मशीनवर बेसिकच होतं.)

तर आपल्यासारख्यांनी हे पुस्तक वाचावं का? आपल्यासारखे म्हणजे जे अजून फ्लॉप्या पुसत बसतात ते. मी म्हणतो वाचावं, पण सगळं आपल्यासाठी नाही. आई, आजीचे पत्ते, शाळेतला हट्टी पोरगा, हे सगळं बरं लिहिलंय, ते वहिनींना आवडेल. मायक्रोसॉफ्टच्या सुरुवातीच्या वर्षांतच पुस्तक थांबतं. म्हणजे डॉसचा किस्सा, टिम पॅटर्सनचं ८६-डॉस आणि १९८१ मधला तो सौदा, यातलं काही मिळेल या आशेनं घेशील तर फसशील. विंडोजचं तर नावच काढू नकोस.

पण जिथं कोड येतो, तिथं अंगावर काटा येतो. १९६८ मध्ये शाळेत टेलीटाइप, म्हणजे दूरच्या कॉम्प्युटरला फोनलाइनवरून जोडलेला टाइपरायटर, आला, तोही मुलांच्या आयांनी जुन्या वस्तूंचा बाजार भरवून जमवलेल्या पैशांतून. मग एका कंपनीत बग शोधून द्यायचे आणि बदल्यात मशीनचा वेळ घ्यायचा. आणि सुरुवातीलाच तो डोंगरातला प्रसंग. शाळकरी पोरगा, कित्येक दिवसांचा ट्रेक, पावसाथंडीत पाय ओढत चाललाय आणि डोक्यात कोड लिहितोय. कागद नाही, मशीन नाही. शाळेला वापरायला मिळालेल्या पीडीपी-८ कॉम्प्युटरसाठी बेसिक लिहायचं मनात होतं, त्यातला गणिती पदावली सोडवणारा तुकडा त्यानं चालता चालता डोक्यातच रचला. तो तेव्हा वापरलाच गेला नाही. पुढं १९७५ मध्ये अल्टेअर नावाच्या छोट्या कॉम्प्युटरसाठी बेसिक लिहायची वेळ आली, तेव्हा तोच आठवून काढला.

हे वाचल्यावर मी पुस्तक पालथं घातलं आणि तुझी आठवण आली. क्लासमध्ये मशीन तासावर मिळायचं, ते पण वीज असली तर. खानापूरहून येणाऱ्या पॅसेंजरमध्ये तू वहीच्या मागच्या पानांवर दहा-वीस-तीस ओळी लिहायचास, मी शेजारी बसून रन करायचो. तोंडानं! "आय आता सात झाला, आता वर जा." समोरच्या दूधवाल्याला वाटायचं, पोरं मटक्याचा आकडा काढायलीत. आपलं डोकंच आपलं मशीन होतं. गेट्सचं डोकं आपल्यापेक्षा शंभरपट चाललं असेल, मान्य, पण काम तेच. या एका जागेसाठी पुस्तकाचे पैसे वसूल.

उरलेला हिशोब जुळत नाही, आणि मांडवात नेमकं तेच कसं सांगायचं याची चिंता आहे. अल्टेअर त्यांच्यापाशी, म्हणजे गेट्स आणि त्याच्या जोडीदारापाशी, नव्हता. पॉल अ‍ॅलननं हार्वर्डच्या मोठ्या पीडीपी-१० मशीनवर अल्टेअरमधल्या ८०८० चिपचा सिम्युलेटर, म्हणजे नक्कल, केला, त्यावर हे बेसिक लिहिलं. टेप घेऊन अ‍ॅलन अल्टेअरवाल्या कंपनीकडं अल्बुकर्कीला निघाला आणि विमानात लक्षात आलं की टेप मशीनमध्ये चढवणारा लोडरच लिहिलेला नाही. तो त्यानं विमानात बसून लिहिला. तिथं मशीनला दोन अधिक दोन विचारले, चार आले. अपूर्णांकांचं गणित, म्हणजे फ्लोटिंग पॉइंट, मॉन्टी डेव्हिडॉफ नावाच्या तिसऱ्या पोराचं. आणि सगळं मिळून ४ के मध्ये. ४०९६ बाइट रे! देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं. म्हणजे मी तुला बुरशी पुसल्याचं सांगून जेमतेम ओळ २० पर्यंत आलो, तेवढ्यातच त्यांचं अख्खं बेसिक संपलं होतं.

त्या कोडची छापील लिस्टिंग गेट्सनंच २०२५ मध्ये, कंपनीला ५० वर्षं झाली म्हणून, नेटवर ठेवलीय. दीडशेच्या वर पानं. पहिल्याच पानावर कॉमेंटमध्ये कुणी काय लिहिलं ते आहे: अ‍ॅलनचं काय, गेट्सचं काय, आणि गणिताचं पॅकेज मॉन्टी डेव्हिडॉफचं. तिघं एका रांगेत. आत्मचरित्र असं रांगेत कुणाला बसवत नाही, बसवूही शकत नाही. ज्याचं पुस्तक त्याचा चेहरा मुखपृष्ठावर. मॉन्टीच्या वाट्याला येऊन येऊन किती पानं येणार? म्हणून माझं मत असं की पुस्तक घे, पण लिस्टिंग शेजारी उघडून ठेव. डोंगरातल्या प्रसंगानंतर लिस्टिंगमध्ये जाऊन पदावली सोडवणारा भाग शोध. मी शोधला. असेम्ब्ली, म्हणजे चिपची जवळजवळ स्वतःची भाषा, मला पूर्वीसारखी वाचता येत नाही, पण कंस उघडला की तोच कोड स्वतःला पुन्हा बोलावतो ते कळलं. त्या रात्री ही मला जेवायला हाका मारून दमली.

आपल्या जीडब्ल्यू-बेसिकचाही सोर्स मायक्रोसॉफ्टनं २०२० मध्ये खुला केलाय, १९८३ चा. सगळी याच अल्टेअरची पोरंबाळं. १९७६ मध्ये याच गेट्सनं हौशी लोकांना उघडं पत्र लिहून झापलं होतं की तुम्ही आमचं सॉफ्टवेअर चोरता. पुढं बेळगावात आपण काय केलं ते टिकलीला माहीत.

मला खरं वाचायचंय ते भरत गोएंकांचं. १९८६ ची गोष्ट, वडिलांना धंद्यासाठी पाहिजे तसं हिशोबाचं सॉफ्टवेअर मिळेना म्हणून मुलानं लिहायला घेतलं, त्याची टॅली झाली. बेंगळुरूची, म्हणजे आपल्याच राज्यातली गोष्ट. (राज्य कुठलं, हा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे.) टॅलीनं आपलं 'वखार' दोन वर्षांत खाऊन टाकलं, तरी त्यांचा पहिला कोड बघायला मी पायी जाईन.

मग संमेलनात काय बोलू? गेट्स राहू दे, दिवाणजींबद्दल बोलावं असं मनात येतंय. पान कानाशी धरणारा माणूस आणि त्याचं नाव लिहिलेली ओळ २०. पण लोक म्हणतील, याला बिल गेट्सवर बोलायला बोलावलं आणि हा निपाणीची तंबाखू काढून बसला. आणि तुझं नाव घ्यावं लागेल, तू आधीच फुगलेला. हिचं म्हणणं, दोन्ही सांगा आणि वीस मिनिटांत खाली बसा, मागून कवी वाट बघत असतात.

तुझं रिटायरमेंट कसं चाललंय? वहिनींचं मोतिबिंदूचं झालं का? धाकट्याचं लग्न ठरलं हे मला तिसऱ्याकडून कळलं, त्याचा जाब भेटल्यावर. पुस्तक कुरिअरनं पाठवतोय, समासात पेन्सिलीनं बडबड केलीय ती माझी. संमेलनाला आलास तर पुढच्या रांगेत बसू नकोस, मला हसू येईल.

आणि एक. ओळ ४२१० वर ओलीची कपात झाल्यावर तू निव्वळ वजनातून आणखी ०.०३ वजा केलंयस. तीन टक्के नव्हे, नुसतं ०.०३. रेम नाही, काही नाही. ते का? तुझा मॉन्टीच्या गणितावर विश्वास नव्हता की दिवाणजींच्या कानावर? जुन्या वह्या काढ आणि कळव, मला जानेवारीच्या आत पाहिजे.

तुझा,
रव्या

ता.क. कुंदा पाठवत नाही. तुझीही शुगर मला माहीत आहे.