कॉल वाजवून दाखवलेला पक्षी

रविवारच्या पुरवणीतला पक्षी-गाइडच्या वर्षभराच्या भटकंतीवरचा लेख आवडला, पण मोबाइलवर कॉल (पक्ष्याचा रेकॉर्ड केलेला आवाज) वाजवून घुबड बाहेर काढल्याचा किस्सा इतक्या कौतुकाने छापलाय ते मात्र खटकलं. मीही वर्षभर गाइड म्हणून फिरलोय, सुरुवातीला हेच करायचो. स्पीकर लावला की एखादा छोटा नर दोन मिनिटांत समोरच्या फांदीवर हजर, पिसं फुगवलेली, चोचीत अळी तशीच, आणि सगळे कॅमेरे खटाखट. पण तो काय पोज द्यायला आलेला नसतो, त्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय, म्हणून पिल्लांना भरवायचं सोडून भांडायला आलेला असतो. एक ग्रुप गेला की दुसरा येतो, तोही तेच वाजवतो, आणि हे सगळं नेमकं विणीच्या दिवसांत. अमेरिकन बर्डिंग असोसिएशनच्या आचारसंहितेतही असे रेकॉर्डिंग कमीत कमी वापरा, जिथे पक्षीनिरीक्षकांची वर्दळ जास्त किंवा पक्षी दुर्मिळ तिथे तर विशेष जपा, असंच सांगितलंय. पक्षी दिसला नाही की पाहुणे रुसतात हे मान्य (टिपही जाते). तरी पुढच्या वेळी गाइडने किती प्रजाती दाखवल्या याच्यासोबत त्या कशा दाखवल्या तेही जरा विचारा.

— एक वाचक